फितुरी फुकट ठेवू नका
वाचकांचे प्रश्न, खेळांविषयी

प्रश्न : आम्ही शाळेतले अकरा मित्रमैत्रिणी. निम्मे पुण्यात, बाकीचे नाशिक, बंगळुरू आणि एकजण न्यू जर्सीला. दर शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर आम्हीच रचलेला खेळ खेळतो. सोसायटीचं रीडेव्हलपमेंट निघालंय. मी सूत्रधार, दहा खेळाडू. त्यांतले तीन गुपचूप बिल्डरची माणसं, सात सभासद. आधी सभा भरते, मतदानाने एकाला बाहेर काढतात. मग रात्री बिल्डरची माणसं एका सभासदाला 'उठवतात', तोही बाद. बिल्डरवाले निम्मे झाले की सोसायटी गेली. मजा यावी म्हणून नियम घातला, की कुणीही कधीही मला कळवून गुपचूप बाजू बदलावी. दुसऱ्याच रात्री उरलेले सगळे बिल्डरकडे गेले आणि उठवायला कुणी राहिलंच नाही! शिवाय एकीने माझ्या मेसेजचा स्क्रीनशॉट टाकून 'हा घ्या पुरावा' केलं. त्यावरून दोन मैत्रिणींची बोलाचाली बंद आहे. नियम कसे दुरुस्त करावेत?
— सूत्रधार, कर्वेनगर

उत्तर : सूत्रधार, पत्र वाचून मी आधी हसले आणि मग वही काढली. दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसून खेळांच्या नियमांतल्या शोधते.

तुमचे मित्र गद्दार नाहीत, हिशेबी आहेत. सभेला काहीच सुगावा नाही आणि मतं अंदाजाने पडतायत असं धरा. तर दहांत तीन बिल्डरवाले असताना सभासद जिंकण्याची शक्यता शंभरात सात! बुडत्या सोसायटीत कोण थांबेल? फितुरीच्या नियमाला हात लावण्याआधी हे सात वाढवा.

हा सगळा प्रकार मूळ 'माफिया' या खेळातून आलाय. 1986 मध्ये मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव यांनी तो रचला. थोड्यांना सगळं ठाऊक, पुष्कळांना काहीच नाही, एवढ्या एका कल्पनेवर तो उभा आहे. म्हणून ते 'थोडे' खरंच थोडे हवेत. दहाजणांत तीन म्हणजे फार झाले, दोन करा. आणि मतदार विषम ठेवा. हे लोकांना पटत नाही, म्हणून आकडे देते. दोन बिल्डरवाले असताना सातजणांत सभासदांची शक्यता 23 टक्के. एक सभासद वाढवून आठ केलेत, तर वाढायच्या ऐवजी 16 वर येते! नऊ केलेत की 30. कारण सोपं आहे. एक सभा आणि एक रात्र मिळून दोन माणसं जातात. सातांत जास्तीत जास्त तीन सभा होतात, आठांतही तीनच. वाढला तो फक्त एक संशयित.

तुम्ही दहा आहात, तर दहाव्याला वॉचमन करा. त्याला मत नाही, त्याला उठवता येत नाही, मोजणीतही तो नाही. पण अख्ख्या खेळात एकदा तो सूत्रधाराला एका फ्लॅटबद्दल विचारू शकतो आणि खरं उत्तर मिळतं. ते सभेत सांगायचं की नाही, ही त्याची मर्जी. दर शनिवारी वॉचमन बदला. (आमच्याकडे या कामासाठी भांडणं होतात. मत नसलेल्या माणसाशी सगळे गोड बोलतात.)

आता फितुरी. तुमच्या नियमात ती फुकट होती आणि हवी तेव्हा होती, म्हणून सगळ्यांनी घेतली. तीन गोष्टी बदला. बाजू बदलायची इच्छा खेळाडूने कळवायची नाही; देकार बिल्डरकडून आला पाहिजे. तोही दोघांपैकी एक पकडला गेल्यावर आणि एकदाच. ज्या रात्री देकार दिला, त्या रात्री कुणाला उठवता येणार नाही. म्हणजे सकाळी सगळे फ्लॅट जागच्या जागी आहेत हीच सभेला बातमी : काल कुणाच्या तरी दारावर थाप पडली. उघडलं का, ते कळत नाही. नकार दिलेला माणूस सभेत सांगेल 'मला विचारलं होतं', पण होकार दिलेलाही नेमकं हेच सांगू शकतो. तुमच्या खेळातली सगळ्यात चविष्ट सभा ही असेल.

मात्र इथे माझाच नियम मी वहीत तपासला आणि तोंडावर आपटले. नऊंतला एक बिल्डरवाला पकडला गेला की उरतात आठ. रात्री नेहमीसारखा एक उठवला तर सातांत एक बिल्डरवाला. सभासदांची शक्यता 54 टक्के. त्याऐवजी देकार दिला आणि तो स्वीकारला गेला, तर आठांत दोन, म्हणजे एकदम 16. एका होकारात खेळ संपला! म्हणून तिसरा बदल : फितूर मोजणीत सभासदच राहील. निम्मे झाले का हे बघताना त्याला बिल्डरकडे धरायचं नाही, आणि मूळ बिल्डरवाला पकडला गेला की फितूरही हरला. आता शक्यता 54 वरून 45 वर येते, वर सभेत एक गोड खोटं बोलणारं तोंड वाढतं. फितुराचं नशीब दुसऱ्याच्या हातात गेलं, ही त्याची किंमत. होकार देताना माणूस दोनदा विचार करतो.

स्क्रीनशॉटवर बंदी घालू नका, ती पाळली जात नाही. 'ध'चा 'मा' केल्याची कथा पुण्यात वेगळी सांगायला नको; नारायणराव पेशव्यांच्या खुनाला अडीचशे वर्षं होऊन गेली तरी शनिवारवाड्यापाशी गाइड ती रंगवून सांगतातच. तोच नियम करा. कुणीही मागितलं की सूत्रधार त्याला हव्या त्या मजकुराचा मेसेज पाठवेल. पहिल्या सभेतच हे जाहीर करा. मग पुराव्याला कागदाचीही किंमत उरत नाही आणि लोक पुन्हा एकमेकांकडे बघून बोलायला लागतात.

वेळेचीही काळजी घ्या. 2020 च्या लॉकडाउनमध्ये घरच्या ग्रुपवर असाच खेळ चालायचा, बिल्डरच्या माणसांऐवजी चोर, आणि मी सूत्रधार होते. रात्री फक्त दोन चोरांशी बोलायचे. मावसभाऊ बहाद्दर 'ऑनलाइन' कोण दिसतंय ते बघत बसायचा. मी आणि धाकटी मावशी एकदम दिसलो आणि एकदमच गेलो. सकाळच्या पोह्यांआधी मावशी बाद. तेव्हापासून साडेदहाला सगळ्यांना मेसेज जातो आणि सगळ्यांनी दहा मिनिटांत उत्तर द्यायचंच. चोर सावजाचं नाव लिहितात, बाकीचे संशयिताचं. सगळ्यांचे फोन वाजतात, सगळे टाइप करतात.

मैत्रिणींचं म्हणाल, तर खेळ संपल्यावर सूत्रधाराने सगळे रात्रीचे मेसेज ग्रुपवर टाकावेत, त्याच रात्री. कोण कधी का फुटलं हे वाचताना बहुतेक राग हसण्यात जातो. न गेल्यास पुढच्या शनिवारी दोघींना बिल्डर करा.

प्रश्न : नातवंडं आठ-दहा वर्षांची, मी साताऱ्याला, ती बाणेरला. व्हिडिओ कॉलवर असं काही लपवाछपवीचं खेळता येईल का?
— एक आजी

उत्तर : राजा, प्रधान, शिपाई, चोर. चौघं हवेत, म्हणजे घरातलं एक मोठं माणूसही धरून आणा. चिठ्ठ्या मात्र तुम्ही करू नका, तुम्हालाही खेळायचंय. बाणेरच्या घरी चिठ्ठ्या उधळा. तुमच्या वाटची चिठ्ठी तिथल्या कुणीतरी न बघता, कोरी बाजू स्वतःकडे ठेवून कॅमेऱ्यासमोर धरायची. आधी फोनचा पुढचा कॅमेरा बंद करून मागचा लावायला सांगा. नाहीतर चिठ्ठी धरणाऱ्याला स्वतःच्याच स्क्रीनवर ती दिसते. आमच्या भाचीने हे दुसऱ्या डावात शोधून काढलं आणि पाचव्या डावापर्यंत कुणाला सांगितलं नाही.