नववीची प्रश्नावली: आधी चाचणी, मग परवानगी

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. नववीच्या मुलांनी झोप आणि मोबाईल यावर प्रश्नावली केली, दीडशे फॉर्म भरून आले आणि आता त्यातून काहीच निघत नाही. 'चूक मुलांची की माझी?' असं तुम्ही विचारलंय. काही वर्षांपूर्वी मी याच जागी होतो, विषयही जवळपास हाच.

उत्तर सुचवणारे प्रश्न, एकमेकांत घुसलेले वयोगट, एका प्रश्नात कोंबलेले दोन प्रश्न हे तुम्ही शिकवलंच असेल, त्यात शिरत नाही. आम्हाला बुडवलं ते या प्रश्नाने: 'झोपण्याआधीच्या तासात तुम्ही मोबाईल वापरत नाही ना?' पर्याय दोनच, हो आणि नाही. मी स्वतः तपासून बरोबरची खूण केली होती. आता 'हो' म्हणजे 'हो, वापरतो' की 'हो, नाही वापरत'? मराठीत दोन्ही चालतं. बोलताना सूर आणि मान सांभाळून घेतात, कागदावर मान हलत नाही.

गंमत म्हणजे हे वाटपाआधीच कळलं होतं. एका मुलीने घरी भावाला प्रश्न वाचून दाखवला, तो म्हणाला, 'म्हणजे काय लिहू?' पण तोवर वरच्या कार्यालयाची परवानगी आली होती. पहिल्या खेपेला त्यांनी मसुदा परत पाठवला तो समास कमी सोडला आणि 'विषय' ही ओळ लिहायची राहिली म्हणून. प्रश्न कुणी वाचले नसावेत, असा माझा आजही संशय आहे. शब्द बदलायचा म्हटल्यावर उत्तर आलं, 'मंजूर मसुद्यात बदल नाही, नव्याने अर्ज करा.' पुन्हा आठवडे गेले असते, वर्ष संपत आलेलं. मी म्हटलं, जाऊ दे, वाटून टाका. कार्यालयावर राग आहेच, पण वाटायला मीच सांगितलं. मोजणीला बसल्यावर मुलं एकेका 'हो'वरून भांडत होती आणि फॉर्म निनावी, विचारणार कुणाला?

मोठेही यात अडकलेत, हे मुलांना जरूर सांगा. १९९२ साली अमेरिकेत रोपर या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने विचारलं होतं की, नाझींनी केलेला ज्यूंचा संहार कधी झालाच नाही, हे तुम्हाला शक्य वाटतं की अशक्य. २२ टक्के लोक 'शक्य' म्हणाले आणि खळबळ उडाली. १९९४ मध्ये तोच प्रश्न सरळ शब्दांत विचारला, तर आकडा १ टक्क्याच्या आसपास आला. 'अशक्य' आणि 'झालाच नाही' यांच्या गुंत्यात लोक उलटं बोलून बसले होते.

म्हणून आता माझा क्रम असा: आधी चाचणी, मग परवानगीचा अर्ज. चाचणी म्हणजे वर्गातल्याच पाच-सहा मुलांनी एकमेकांवर करायची. (तुमच्याकडे यालाही परवानगी लागत असेल, तर मुख्याध्यापकांना विचारून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.) समोरच्याने प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि 'यात काय विचारलंय' ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. ज्याने प्रश्न लिहिला त्याने ऐकायला बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. हे मुलांना सगळ्यात जड जातं. 'अरे तसं नाही, मला असं म्हणायचंय' हे वाक्य आलं की प्रश्न बदलायचा. 'सहसा', 'नियमित' हे शब्द इथेच गळतात आणि त्यांच्या जागी 'गेल्या ७ दिवसांत किती दिवस' येतं.

वेळ असेल तर अर्ध्या वर्गाला 'वर्गात मोबाईलला बंदी घालावी का?' आणि उरलेल्यांना 'वर्गात मोबाईलला परवानगी द्यावी का?' असं विचारा. तर्काने एकच गोष्ट, पण १९४१ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात अमेरिकेतले संशोधक डोनाल्ड रग यांनी लोकशाहीविरोधी भाषणांबद्दल असंच विचारलं, तेव्हा 'बंदी घाला' म्हणणाऱ्यांपेक्षा 'परवानगी देऊ नका' म्हणणारे बरेच जास्त निघाले. तुमच्या वर्गात तसंच होईल असं नाही, मुलं कमी असतात. नाही झालं तरी चर्चा छान होते.

आणखी एक, हे निव्वळ माझं मत: 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' ही पाच पायऱ्यांची पट्टी (मानसशास्त्रज्ञ लिकर्ट यांची, १९३२ची) नववीला देऊ नका. शास्त्रीय दिसते म्हणून मुलं प्रत्येक प्रश्नाला तीच लावतात आणि मग पायऱ्यांना १ ते ५ आकडे देऊन सरासरी ३.४ आली म्हणून खूश होतात. ३.४ म्हणजे काय, विचारलं की गप्प. बरेच शिक्षक याच्या उलट सांगतील, त्यांचंही ऐका.

तुमचे दीडशे फॉर्म टाकू मात्र नका. आधी प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक घाला, नाहीतर शंका आली की मूळ कागद सापडत नाही. मग दोन मुलांना वेगवेगळं बसवून प्रत्येक प्रश्नाचा अर्थ लिहायला सांगा. जिथे दोघांचे अर्थ जुळतील तेवढेच प्रश्न मोजा, आणि जे वगळले ते का वगळले हे अहवालात मुलांनाच लिहू द्या. आमच्या अहवालातलं तेवढंच एक पान वाचण्यासारखं झालं होतं.