जुन्या गाडीची थरथर आणि क्लच : गिअरबॉक्स उतरवण्याआधी

पद्मिनी किंवा ओम्नीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीत थरथर जाणवली, की मेकॅनिक आधी क्लचप्लेट बदलायला, म्हणजे त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायला सांगतात. आपण मात्र घाई करू नये. मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगाला थरथर येते तो वेग गाठून गाडी न्यूट्रल करावी (इंजिन बंद करू नये). इंजिनाचा वेग उतरूनही थरथर तशीच राहिली, तर दोष चाके, टायर किंवा प्रोपेलर शाफ्टकडे (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारा फिरता दांडा) असतो; उभ्या गाडीतही ठराविक आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटातील फेऱ्या) ती येत असेल, तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यांवर टेकते ते रबरी आधार) आधी पाहावे.

गाडी सरकू नये म्हणून चाकांना ओट (अडण) लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने पुढेमागे पिळून पाहावा. क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाचा वाकता सांधा) टोपीभोवती तांबूस, गंजाची भुकटी दिसली, तर आतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) कोरड्या पडल्या असे खुशाल समजावे. शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या चकत्या) रंगाची खूण करावी, म्हणजे तो परत त्याच स्थितीत बसवता येतो. मी एकदा ती केली नाही आणि नवे क्रॉस बसवूनही थरथर वाढवून घेतली.

क्लचचे दोष वेगळे ओळखू येतात. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, तेव्हा प्लेट घसरत असते, मात्र आधी पेडलचा फ्री प्ले (क्लच लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल) तपासावा. गाडी जागेवरून सुटतानाच हिसके बसत असतील, तर प्लेटवर तेल आल्याची शंका घ्यावी, आणि तसे निघाल्यास ऑइल सील (तेल गळू न देणारी रबरी कडी) बदलल्याशिवाय नवी प्लेट बसवू नये. पेडल दाबताच घरघर सुरू झाली, तर बहुधा रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) गेलेले असते.