वाचकांचे प्रश्न : जुलैतील श्रीलंका

प्रश्न : जुलैमध्ये श्रीलंकेत गिर्यारोहण, जंगल आणि सर्फिंग एकाच सहलीत साधायचे असल्यास मार्ग कसा आखावा?

उत्तर : मार्ग पावसाने ठरवावा. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे दक्षिण किनाऱ्यावरील मिरिस्साकडचा समुद्र खवळलेला असतो, तर पूर्वेकडील अरुगम बे येथे सर्फिंगचा हंगाम ऐन भरात असतो. त्यामुळे आधी सिगिरियाचा प्राचीन खडककिल्ला, मग कँडी, डोंगरातले एल्ला आणि शेवटी अरुगम बे हा क्रम सोयीचा. सिगिरियाच्या सुमारे १,२०० पायऱ्या सकाळीच चढाव्यात, कारण माथ्यावर सावली जवळजवळ नाही. दुपारी मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यानात आटत्या तलावाकाठी गवतासाठी जमलेले हत्तींचे कळप पाहावेत. श्रीपाद या पवित्र शिखराचा यात्राकाळ डिसेंबर ते मे असतो, म्हणून ते चढण्याचा मोह या खेपेस टाळलेलाच बरा. अरुगम बेहून कोलंबोला परतण्यासाठी मात्र पूर्ण दिवस राखून ठेवावा.