पियानोवादकाच्या मैफलीचे समीक्षक नेमके कशाचे कौतुक करतात? बोटांच्या वेगाचे का?

केवळ वेगाचे नव्हे. ठाण्यात गडकरी रंगायतनमध्ये हार्मोनियमवरची द्रुत तान संपताच टाळ्या पडतात, तेव्हा एखादा जाणकार शेजाऱ्याच्या कानात ‘तयारी आहे, गाणं कुठंय?’ असे पुटपुटतो. पियानोची कसोटीही तीच. हातोडी तारेवर आपटताच पियानोचा स्वर विरू लागतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, तर घेताच येत नाही, म्हणून बोटांचा दाब व पायाखालचे पेडल यांतून सलग गाण्याचा भास निर्माण करणाऱ्यालाच खरी दाद मिळते. अर्थात जाणकारांचेही एकमत नसते. १९८० साली पोलंडमधील वॉर्सातील शोपँ पियानो स्पर्धेत पियानोवादक इव्हो पोगोरेलिच अंतिम फेरीपूर्वीच बाद झाले, तेव्हा १९६५च्या विजेत्या मार्ता आर्गेरिच निषेध म्हणून परीक्षक मंडळातून बाहेर पडल्या.