गाभडलेल्या मेंढ्या आणि रक्ताचा अहवाल

प्रश्न : दिवाळीनंतर आमचा वाडा (मेंढरांचा फिरता तळ) कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेला उतरलाय. 140 मेंढरांतल्या 11 मेंढ्या महिन्याभरात गाभडल्या, म्हणजे दिवस भरण्याआधीच गर्भ पडला. एकीचं रक्त तपासून घेतलं, 'निगेटिव्ह' आलं. म्हणजे रोगाची भानगड नाही ना?

दुसरा प्रश्न गोवंडीहून : मेंढीचा टॉक्सोप्लाझ्माचा (गाभडवणाऱ्या एका परजीवीचा) अहवाल 'पॉझिटिव्ह' आलाय. देवनारच्या बाजारात काढून टाकू का?

उत्तर : मामा, एका मेंढीच्या एका अहवालावर काहीच धरू नका. या चाचणीत आपण जंतू बघत नाही. जंतू अंगात शिरल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध जी प्रतिपिंडं बनवतं, ती बघतो. ती बनायला दिवस जातात. ब्रुसेला असो की क्लॅमिडिया (दोन्ही गाभडवणारे जंतू), गाभडली त्याच दिवशी काढलेलं रक्त कधी कधी स्वच्छ येतं आणि दोन-तीन आठवड्यांनी तीच मेंढी पॉझिटिव्ह निघते.

म्हणून रक्त कळपाचं काढायचं. गाभडलेल्यांपैकी आठ-दहा घ्या आणि त्याच वयाच्या, नीट व्यालेल्या तेवढ्याच. नीट व्यालेल्या मेंढीला उगाच सुई कशाला, असं प्रत्येक वाड्यावर ऐकायला मिळतं. पण तुलनेला काही नसेल तर आकड्याला अर्थ राहत नाही. गाभडलेल्या बहुतेक पॉझिटिव्ह आणि व्यालेल्या बहुतेक निगेटिव्ह असतील, तर जंतूवर बोट ठेवता येतं. दोन्हीकडे सारखंच निघालं तर कारण दुसरीकडे शोधायचं.

त्याच मेंढ्यांचं रक्त तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं. प्रतिपिंडांचं प्रमाण चौपट किंवा त्याहून जास्त चढलं असेल तर लागण ताजी. तुमची अडचण कळते, तोवर वाडा पुढच्या गावी गेलेला असतो. त्यावर उपाय असा : रक्त घेतलेल्या प्रत्येक मेंढीच्या कानात बिल्ला मारा आणि बिल्ल्यांच्या नंबरांचा कागद जवळ ठेवा. पहिलं रक्तजल (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) दवाखान्यात गोठवून ठेवायला सांगा. दुसरा नमुना कुठल्याही तालुक्यात काढा, फक्त दोन्ही एकाच प्रयोगशाळेत, एकाच दिवशी तपासले गेले पाहिजेत. नाहीतर चढ खरा की दोन प्रयोगशाळांच्या हातातला फरक, हे कळत नाही.

ब्रुसेलासाठी आधी रोझ बेंगाल ही झटपट चाचणी करतात. पांढऱ्या फरशीवर रक्तजलाचा थेंब, शेजारी गुलाबी प्रतिजनाचा (मारलेल्या, रंगवलेल्या जंतूंच्या द्रवाचा). दोन्ही मिसळून चार मिनिटं हलवत राहायचं. थेंब एकसारखा गुलाबी राहिला तर निगेटिव्ह. दूध फाटल्यासारखे बारीक कण दिसले तर पॉझिटिव्ह. गाईसाठी दोन्ही समान भाग घेतात, पण मेंढी-शेळीसाठी रक्तजल तिप्पट घ्यावं लागतं, नाहीतर आजारी जनावर हातातून निसटतं. तपासणाऱ्याला हे आवर्जून विचारा, कुणी रागावत नाही. पॉझिटिव्ह आलेल्यांची एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीने खात्री करून घ्यायची. ब्रुसेलाची सरकारी लस गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांसाठी आहे. तुमच्या मेंढ्यांना ती टोचलेली नाही, त्यामुळे 'लसीमुळे आलं असेल' ही समजूत इथे लागू नाही. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाचं मात्र उलटं आहे. लस झालेल्या कळपात पीपीआरची प्रतिपिंडं सापडणारच, ती चाचणी करून पैसे घालवू नका.

गाभडलेली नाही म्हणून मेंढी निरोगी, असंही नसतं. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना ब्रुसेलाचाच ताप येत असे. 1905 मध्ये झामिट या डॉक्टरांनी तिथल्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा ताप दुधातून येतो हे उघड झालं. वाड्यावर कुणाला सारखा कणकणीसारखा ताप, रात्री घाम, सांधेदुखी असेल तर डॉक्टरांना मेंढरांचं सांगा. दूध उकळल्याशिवाय पोरांना देऊ नका.

आता रक्ताहून मोलाची गोष्ट, जी तुम्ही बहुधा कुत्र्यांपुढे टाकलीत : पडलेलं कोकरू आणि जार (वार). जंतू तिथे थेट सापडतो. शिवाय मेंढीची प्रतिपिंडं वारेतून कोकरात जात नाहीत, ती चिकातूनच मिळतात. म्हणून चीक न प्यालेल्या कोकराच्या रक्तात किंवा मेलेल्याच्या छातीतल्या पाण्यात प्रतिपिंडं निघाली, तर लागण पोटातच झाली होती हे पक्कं. पुढची गाभडली की हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, कोकरू-जार दुहेरी पिशवीत बर्फावर ठेवा आणि 1962 ला फोन करा. नमुना परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात पोचला पाहिजे. उरलेलं चुना टाकून खोल पुरा. घरातली गरोदर बाई तिकडे फिरकता कामा नये, मग काम कितीही पडलेलं असो. गाभडलेल्या मेंढ्या वेगळ्या बांधा. अहवाल येईपर्यंत मनानं टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचू नका, जंतू दबून बसतो आणि प्रयोगशाळेत उगवत नाही.

गोवंडीच्या भाऊंना : टॉक्सोप्लाझ्माची प्रतिपिंडं वर्षानुवर्षं रक्तात राहतात. तुमच्या मेंढीला दोन वर्षांपूर्वी मांजराच्या विष्ठेतून लागण झाली असेल तरी आज पॉझिटिव्हच येणार. अशी मेंढी सहसा त्या कारणानं पुन्हा गाभडत नाही. ती विकून नवी, या परजीवीची लागण कधीच न झालेली मेंढी आणलीत तर धोका नव्या मेंढीला जास्त. पेंडीचं पोतं आणि गव्हाण मांजरापासून झाका. मेंढा नवीन आणला असेल तर त्याचे वृषण हातानं चाचपून घ्या, गाठ किंवा एका बाजूला सूज लागली तर मला दाखवा. मेंढ्यातला (नरातला) ब्रुसेला ओव्हिस हा ब्रुसेलाचा प्रकार रोझ बेंगालमध्ये सापडत नाही, त्याची चाचणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

नमुन्याचं शेवटचं. रक्त मानेच्या शिरेतून, पाचेक मिली, लाल बुचाच्या साध्या नळीत. नळी तिरकी ठेवून गोठू द्या, हलवू नका, रक्तजल वेगळं होण्याआधी फ्रीजरमध्ये घालू नका. मागच्या हंगामात एकानं टेम्पोच्या डॅशबोर्डवरून उन्हात नळ्या आणल्या होत्या. वरचं पाणी गवताच्या पिवळसर रंगाचं हवं, ते जांभळाच्या सरबतासारखं झालं होतं. सगळ्या फेकाव्या लागल्या. आणि नळीवर बिल्ल्याचा नंबर शिसपेन्सिलीनं चिकटपट्टीवर लिहा. पेनाची शाई बर्फाच्या पाण्यात धुऊन जाते.