वाचकांचे प्रश्न : सम हुकते ती कुठे?

प्रश्न : घरबसल्या हिंदुस्तानी संगीताच्या रसग्रहणाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करते आहे. धडे सवडीने मोबाइलवर पाहते. तालाच्या धड्याशी गाडी अडली आहे. टाळी देत ऐकते, तरी सम (तालाच्या प्रत्येक फेरीची पहिली मात्रा) हुकते. – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी मोबाइलचा स्पीकर बंद करा आणि साधा वायरचा हेडफोन लावा. त्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे आवाज जवळजवळ येतच नाहीत, म्हणजे तानपुऱ्याची खर्जाची (सर्वांत खालच्या सुराची) तार गेली आणि तबल्याचा डग्गाही (डाव्या हाताचा, घुमणारा) गेला. आणि सम शोधायची ती डग्ग्याच्याच आधाराने.

सोळा मात्रांच्या त्रितालाचा ठेका (ठरलेले बोल) तोंडाने म्हणा : धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा. टाळ्या १, ५ आणि १३ व्या मात्रेला, ९ वी ‘खाली’, म्हणजे तिथे टाळी नाही. १० व्या मात्रेला डग्ग्याची घुमार थांबते, १४ व्या मात्रेला ‘धिं’बरोबर परत येते. ती परतली की त्यानंतरच्या तिसऱ्या मात्रेला सम! सुरुवातीला टाळी देऊच नका, नुसती ही घुमार जाते कधी आणि येते कधी एवढंच ऐका. मध्य लयीतल्या एकाच बंदिशीवर आठवडा काढलात तरी चालेल.

विलंबित (संथ लयीतल्या) एकतालाला आत्ताच हात घालू नका. मात्रा बाराच, पण अतिविलंबित लयीत प्रत्येक मात्रेचे चार भाग मोजावे लागतात, म्हणजे आवर्तनाला (तालाच्या एका फेरीला) ४८ ठोके. नवखा माणूस तिथे हमखास वाट चुकतो. पुढे तिथे पोचलात की ‘तिरकिट’ची खूण धरा. ती ४ थ्या आणि १० व्या मात्रेला येते. दुसऱ्या ‘तिरकिट’नंतर ‘धी ना’, की आली सम. शिवाय मुखड्यातल्या (बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीतल्या) कोणत्या अक्षरावर सम पडते तेही वहीत लिहून ठेवा. गवई विस्तार करून मुखड्याकडे वळला, की ते अक्षर तुम्हाला आधीच खुणावेल.

प्रश्न : चाचणीत भूप आणि देशकार या रागांत दरवेळी चुकतो. स्वर तर तेच आहेत! – एक वाचक, ठाणे

उत्तर : तेच आहेत, सा रे ग प ध. म्हणून स्वर ओळखून उपयोग नाही, मुक्काम कुठे होतो ते पाहा. भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार (ग), देशकाराचा धैवत (ध). भूप संध्याकाळचा, पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) रमणारा. देशकार सकाळचा, धैवत-पंचमाभोवती फिरणारा, आणि त्यात रिषभ (रे) दुबळा. तानपुऱ्याचं ॲप कलाकाराच्या षड्जाला, म्हणजे ‘सा’ला, लावा (पुरुषांचा बहुधा हार्मोनियमच्या काळी एकच्या आसपास, स्त्रियांचा काळी चार-पाचच्या) आणि पहिली पाच मिनिटं आलाप ऐकत प्रत्येक ठहरावाला ‘ग’ की ‘ध’ एवढंच लिहा. तानांच्या भागावरून निर्णय करू नका, तिथे मुक्काम कळत नाही.

प्रश्न : वेळ वाचवायला धडे दीडपट वेगाने पाहिले तर? – एक वाचक, पणजी

उत्तर : निवेदन खुशाल पाहा. गाणं सुरू झालं की वेग पूर्ववत करा. सूर तोच राहिला तरी विलंबित मध्य लयीत जातं आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) तुटक ऐकू येते. अर्ध्या तासाच्या धड्याला एक तास नुसत्या ऐकण्याचा धरा, आणि त्या तासात रेकॉर्डिंग एकच ठेवा : एकदा ठेक्यासाठी, एकदा स्वरांसाठी, एकदा बंदिशीच्या शब्दांसाठी.