ऑनलाइन फॅन्टसी गेममध्ये जहाजाचा प्रवास खरा ठेवावा की सरळ टेलिपोर्ट द्यावा?

तुम्ही लिहिलंय की मित्रांबरोबर एक छोटा ऑनलाइन गेम बनवताय, दोन खंडांच्या मध्ये समुद्र आहे, आणि तुमच्यात वाद चाललाय: खेळाडूला जहाजात बसवून न्यायचं, की धक्क्यावरच्या एनपीसीशी (गेमनेच चालवलेल्या पात्राशी) बोलताच टेलिपोर्टने, म्हणजे क्षणात, पलीकडे पोहोचवायचं? मी अनेक वर्षं असे गेम खेळत आले आहे आणि समुद्र हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत: जहाज ठेवा. मात्र त्याला नुसतं माणसं पोहोचवण्याचं काम देऊ नका. त्या कामात टेलिपोर्ट त्याला दर वेळी हरवणार. जहाजावर असताना काहीतरी घडायला हवं, नाहीतर जहाजात काहीतरी गमावण्यासारखं हवं. या दोन्हींपैकी एकही देणं जमणार नसेल, तर टेलिपोर्ट मागणारे तुमचे मित्र बरोबर आहेत.

घडण्याबद्दल आधी. २००२ साली जपानमध्ये सुरू झालेल्या फायनल फँटसी ११ मध्ये सेल्बिना आणि मऊरा या दोन बंदरांमध्ये फेरी चालायची. भाडं १०० गिल (तिथलं चलन). त्या जगातला एक दिवस आपल्या घड्याळात ५७ मिनिटं ३६ सेकंदांचा, आणि फेरी तिथल्या दर आठ तासांनी सुटायची. म्हणजे एक चुकली की पुढचीसाठी सुमारे १९ मिनिटं धक्क्यावर थांबायचं. ऐकायला हे जाचक वाटतं. पण त्या थांबण्यामुळेच धक्क्यावर माणसं जमायची. कोणी गळ टाकून बसलेलं, कोणी सोबत शोधणारं, कोणी पहिल्यांदाच पलीकडे निघालेलं आणि काय काय विचारणारं. जहाज सुटलं की हेच सगळे एका डेकवर. आता प्रवास संपेपर्यंत कोणी उठून दुसरीकडे जाणार नाही. बाकीच्या गेममध्ये अनोळखी माणसं एकमेकांच्या शेजारून पळत जातात. इथे ती एकत्र अडकलेली असतात, म्हणून बोलतात.

आणि त्या डेकवर धोका होता. समुद्रातून सी मंक नावाचा स्क्विडसारखा प्राणी वर यायचा आणि कमी लेव्हलच्या खेळाडूला सहज मारून टाकायचा. काही फेऱ्यांवर तर चाच्यांचं जहाज गाठायचं आणि सांगाडे डेकवर उतरायचे. भिणाऱ्यांनी खाली केबिनमध्ये जावं, लढायचं असेल त्यांनी वर थांबावं. ही निवड फार साधी आहे, पण तेवढ्याने प्रवासाला आकार येतो. मासेमारीचा धंदा करणारे खेळाडू मुद्दाम तिकीट काढून फेरीवर यायचे, कारण भर समुद्रात गळ टाकायला ती चांगली जागा. त्यांना पलीकडे कुठे पोहोचायचंच नसायचं. माझ्या मते एखाद्या गेममधलं जहाज जमलंय की नाही याची हीच खरी परीक्षा: कुठेही न जायचं असलेले लोक त्यावर चढतात का?

एव्हरक्वेस्टमध्ये (१९९९) उलटी बाजू दिसते. फ्रीपोर्टहून बुचरब्लॉकला जाणारं जहाज ओशन ऑफ टिअर्स नावाचा अख्खा समुद्र ओलांडून जायचं. वाटेत बेटं, बेटांवर सायक्लॉप्स आणि गॉब्लिन. जग किती मोठं आहे हे त्या प्रवासात अंगावर यायचं. पण समुद्र हा वेगळा झोन होता, म्हणजे जगाचा स्वतंत्रपणे लोड होणारा तुकडा, आणि जहाज एका झोनमधून दुसऱ्यात शिरताना एखाद्याचं कनेक्शन तुटलं की तो जहाजाऐवजी पाण्यात सापडायचा. अंगावर जड चिलखत, चहूकडे पाणी, किनारा कुठे ते माहीत नाही. पुढे धक्क्यांवर ट्रान्सलोकेटर एनपीसी उभे राहिले, त्यांच्याशी बोललं की झटक्यात पलीकडे. लोक खूश झाले आणि ते साहजिक होतं. पण मधला समुद्र त्यानंतर बहुतेकांच्या नकाशावरून पुसलाच गेला. ज्या बेटांशेजारून आधी प्रत्येक जण जायचा, तिथे आता मुद्दाम काम असेल तरच कोणी फिरकणार. टेलिपोर्टची किंमत ही असते. प्रवासाबरोबर मधली जागाही जाते, आणि ती जागा बनवायला तुम्ही महिनोन्‌महिने घातलेले असतात.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (२००४) मध्ये जहाजाचा प्रवास मुळात फार मोठा नाही. धक्क्यापासून थोडं पुढे गेलं की लोडिंग स्क्रीन येते आणि दुसरा खंड लागतो. तरी मेनेथिल हार्बरचा धक्का जुन्या खेळाडूंना पाठ आहे. नाइट एल्फ ही जमात एका खंडावर, माणसं आणि बुटके दुसऱ्यावर, म्हणून मित्रांना एकत्र खेळायचं तर कोणाला तरी समुद्र ओलांडावाच लागायचा. नाइट एल्फांच्या ऑबरडीन बंदरातून जहाजाने मेनेथिलला उतरायचं आणि तिथून वेटलँड्सच्या दलदलीतून, आपल्याहून कितीतरी वरच्या लेव्हलच्या मगरी चुकवत बुटक्यांच्या आयर्नफोर्ज शहराकडे पळायचं. त्या जहाजाला महत्त्व आलं ते दोन्ही टोकांना काय आहे त्यामुळे. तेव्हा बंदर कुठे ठेवता याचा विचार जहाजाआधी करा.

याच गेममधलं बूटी बे ते रॅचेट हे गॉब्लिनांचं जहाज मला जास्त आवडतं. ते तटस्थ आहे, म्हणजे एकमेकांशी युद्ध करणाऱ्या दोन्ही बाजूंचे खेळाडू त्याच डेकवर चढतात. पीव्हीपी सर्व्हरवर (जिथे खेळाडू एकमेकांना मारू शकायचे) मग काय होणार हे कोणालाच सांगता यायचं नाही. कधी मारामारी, कधी दोघंही हात हलवून आपापल्या टोकाला उभे. हा ताण कोणी लिहून ठेवलेला नव्हता. एक धक्का दोघांना दिला, एवढंच.

हे सगळं दुसऱ्याच्या जहाजाबद्दल झालं. स्वतःचं गलबत असणं ही वेगळीच गोष्ट आहे. अल्टिमा ऑनलाइनने १९९७ मध्येच खेळाडूंना ते दिलं. सुकाणूवर एक एनपीसी असायचा आणि त्याला हुकूम टाइप करून द्यायचे: पुढे, थांब, डावीकडे वळ, नांगर उचल. चढायच्या फळीला कुलूप, किल्ली तुमच्याकडे. समुद्री सापाला मारलं की कधी बाटलीतली चिठ्ठी मिळायची, तिच्यात बुडालेल्या जहाजाचे अक्षांश-रेखांश, आणि ती जागा सेक्स्टंटने (जहाजाचं स्थान काढायच्या उपकरणाने) शोधून तिथे गळ टाकायचा. म्हणजे रिकाम्या पाण्यातला एक विशिष्ट ठिपका फक्त तुमच्यासाठी महत्त्वाचा झाला. समुद्र रिकामा वाटण्यावर याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. तिथे नवीन काही रंगवावं लागत नाही, शोधायला कारण द्यावं लागतं.

आता गमावण्याबद्दल. यात आर्कएजला (कोरियात २०१३) तोड नव्हती. तिथे व्यापाराचा माल पाठीवर गठ्ठा बांधून न्यावा लागायचा. गठ्ठा पाठीवर असताना चाल मंदावायची आणि टेलिपोर्ट चालायचा नाही. माणूस झटक्यात दूर जाऊ शकायचा, माल जाऊ शकायचा नाही. या एका नियमावर त्या गेमचा सगळा समुद्र उभा होता. समुद्रापलीकडे नेलेल्या मालाला चांगला भाव, पण मध्ये कोणीही तुम्हाला बुडवून गठ्ठे पळवू शकायचा. मग लोक गिल्ड (खेळाडूंचा कायमचा गट) जमवून ताफ्याने निघायचे. हलकं वेगवान क्लिपर पुढे टेहळणीला, तोफांचं जड गॅलियन सोबतीला, मालाचं जहाज मधोमध. क्षितिजावर अनोळखी शीड दिसलं की चॅटमध्ये सगळे एकदम गप्प व्हायचे किंवा एकदम बोलायला लागायचे. शिवाय त्या समुद्रात क्रॅकन नावाचा अजस्र समुद्री राक्षस होता, त्याला मारायला मोठी फौज लागायची. मी खेळलेल्या गेममध्ये, ज्या समुद्राची खरी भीती वाटली असा हा एकच.

म्हणून तुमच्या वादावर माझा तोडगा असा आहे: माणसाला टेलिपोर्ट द्या, मालाला देऊ नका. ज्याला मित्रांकडे पटकन पोहोचायचंय त्याची रात्र तुम्ही वाया घालवणार नाही, आणि ज्याला समुद्र हवाय त्याला समुद्रावर जायला पैशाचं कारण मिळेल. फक्त नव्या खेळाडूला पहिल्या खेपेला जहाजानेच न्या, टेलिपोर्ट त्यानंतर उघडा. अंतर एकदा तरी अनुभवलेलं असलं की नकाशा खरा वाटतो.

तांत्रिक बाजू तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते, तरी खेळाडूला जिथे त्रास होतो ते सांगते. हलत्या डेकवर उभ्या माणसाची जागा जगाच्या हिशेबाने न ठेवता जहाजाच्या हिशेबाने ठेवा. नाहीतर थोडा लॅग (नेटवर्कचा उशीर) आला की जहाज पुढे आणि माणूस हवेत. झोन बदलायचा असेल तर जहाज आणि त्यावरची माणसं एकत्रच पलीकडे जाऊ द्या. आणि जहाजं बिघडतील तेव्हासाठी पर्याय आधीच तयार ठेवा. वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात जहाजं नीट चालत नव्हती, तेव्हा धक्क्यावर कॅप्टन प्लेसहोल्डर नावाचा एनपीसी उभा करून त्याच्याकडून लोकांना पलीकडे पाठवलं जायचं. जहाजं दुरुस्त झाल्यावर त्याला काढलं, तर लोकांना त्याची आठवण यायला लागली! तात्पुरत्या माणसालाही नाव दिलेलं वाया जात नाही.

प्रवास किती लांब ठेवायचा याचा आकडा सांगणार नाही, तो तुमच्या जगावर अवलंबून आहे. एवढं मात्र पाहा की किनारा नजरेआड झाल्यापासून पुढचा किनारा दिसेपर्यंत खेळाडूच्या हाताला काही काम आहे. गळ, शिडं फिरवणं, डेकवर शिरलेलं पाणी उपसणं, टेहळणी, काहीही चालेल. जहाज आपोआप चालत असेल तर काम आणखी गरजेचं, कारण मग लोक जहाजावर चढून दुसरी विंडो उघडतात.

एक शेवटची गोष्ट आत्ताच ठरवा, नंतर ती फार त्रास देते: भर समुद्रात कोणी लॉगआउट केलं किंवा कनेक्शन गेलं, तर परतल्यावर तो कुठे असेल? फेरीवर असेल तर त्याला पुढच्या बंदराच्या धक्क्यावर ठेवा, त्याची काही चूक नाही. स्वतःच्या, मालाने भरलेल्या गलबतावर असेल तर गलबत त्याच्या गैरहजेरीतही काही वेळ पाण्यावर दिसत राहू द्या. नाहीतर चाचे दिसले की प्रत्येक जण वायर काढेल, आणि तुमच्या समुद्रात लढाई कधी होणारच नाही.